अकरावी वाणिज्यचा जिताडा

नेरूळच्या एका शिक्षण संस्थेत मी तीन जुने सर्व्हर आवरायला गेले होते. काम साधं होतं. ऑफिसच्या मागच्या खोलीत तीन अवजड खोकी रात्रंदिवस घरघरत, त्यांच्यासाठी एक एसी चालू, आणि त्या एसीचं पाणी एका बादलीत. त्या तिन्ही खोक्यांतलं सगळं उचलून एकाच नव्या मशीनमध्ये ठेवायचं होतं. म्हणजे खोकं एक, पण त्यात तीन काल्पनिक कॉम्प्युटर. प्रत्येकाला वाटतं आपलं स्वतंत्र घर आहे. ह्याला आमच्या धंद्यात व्हर्च्युअल मशीन म्हणतात. खऱ्या मशीनचा बॅकअप घ्यायचा आणि तो ह्या काल्पनिक घरात उघडायचा. पहिले दोन सर्व्हर दोन दिवसांत निमूटपणे राहायला गेले.

तिसरा अडला. त्यात दाखल्यांचा प्रोग्राम होता. शाळा आणि ज्युनिअर कॉलेजचे सगळे सोडल्याचे दाखले, विद्यार्थ्यांची सगळी नोंद त्यात. तो प्रोग्राम फार वर्षांपूर्वी एका माजी विद्यार्थ्याने लिहून दिला होता आणि तो विद्यार्थी आता कुठे आहे ते त्याच्या दाखल्यावरून सुद्धा कळत नव्हतं. नव्याने बसवायला सीडी नाही, कागद नाही. जसा आहे तसा अख्खा उचलायला हवा होता.

हा प्रोग्राम सांभाळायच्या ऑफिसातल्या एक वरिष्ठ क्लार्क. सगळे त्यांना काकू म्हणत, मीही म्हणू लागले. जवळच्याच गावठाणातल्या. त्यांच्या सासऱ्यांच्या शेतावर आता कुणाची तरी सोसायटी उभी आहे, आणि कॉलेजच्या खिडकीतून ती दिसते. काकू तिच्याकडे कधी बघत नाहीत. एकतीस वर्षं नोकरी, जानेवारीअखेर रिटायर. दर शुक्रवारी चार वाजता त्या अख्ख्या मशीनचा बॅकअप घेत. चार डिस्क होत्या, महिन्यातल्या चार शुक्रवारांसाठी, त्यांवर पांढरी पट्टी चिकटवून एक ते चार आकडे. पाचवा शुक्रवार आला तर परत एक नंबर.

मी विचारलं, बॅकअप कधी उघडून पाहिलाय का? कुणीच पाहिला नव्हता. पाहायची सोयच नव्हती. तो अख्ख्या मशीनचा एक बंद गठ्ठा, उघडायला दुसरं मशीन लागतं आणि ते संस्थेने कधी घेतलं नाही. मी संस्थेच्या सचिवांना सांगितलं की जुना सर्व्हर हलवण्याआधी मला एक दिवस द्या, बॅकअप उघडून दाखवते. सचिव म्हणाले, दर शुक्रवारी घेतलाय ना, मग आहे. शनिवारी नव्या मशीनचं उद्घाटन ठरलंय, अध्यक्षांची वेळ घेतलीय.

इथे मला राग आला. मला राग आला की मी पत्रक लिहिते. हे घरातूनच आलेलं आहे. माझे वडील तुर्भ्याच्या एका कारखान्यात कामाला होते आणि उरलेल्या वेळात पत्रकं काढत. आमच्या घरात फडताळात पत्रकं अंथरलेली, डबा पत्रकात गुंडाळलेला, माझी गणितं पत्रकांच्या पाठकोऱ्या बाजूला. मी जोडाक्षरं शिकले ती ‘प्रस्थापितांचा तीव्र निषेध’ ह्या ओळीवर, त्यामुळे पहिलीत बाईंनी जोडाक्षराचा शब्द विचारला तेव्हा वर्गातल्या बाकीच्यांनी ‘सुट्टी’ सांगितलं आणि मी ‘प्रस्थापित’. वडिलांचं एक सूत्र होतं. कुणी म्हणालं अमुक आहे, तर म्हणायचं, दाखव. बाबा असोत, बुवा असोत, कामगार आयुक्त असोत.

मग बॅकअप तरी त्यातून का सुटावा? शुक्रवारी संध्याकाळी मी एक पान टाइप केलं. शीर्षक होतं, ‘बॅकअपची अंधश्रद्धा सोडा, सिद्ध करून दाखवा’. खाली लिहिलं, की जो बॅकअप कधी उघडलाच नाही तो बॅकअप नसून केवळ भावना आहे. वर्षानुवर्षं यांत्रिकपणे डिस्क बदलणं हा विधी झाला, विज्ञान नव्हे. शेवटी मागणी ठळक अक्षरांत, ‘आधी पुरावा, मग नारळ’. ते मी नोटीस बोर्डावर घटक चाचणीच्या वेळापत्रकाशेजारी लावलं आणि समाधानाने घरी गेले. सोमवारपर्यंत व्यवस्थापन हादरलं असेल अशी माझी कल्पना होती.

सोमवारी गेले तर मागच्या खोलीत जुना सर्व्हर नव्हता. उद्घाटनाच्या फोटोत ती धुळकट खोकी मागे दिसतील म्हणून सचिवांनी शनिवारी सकाळीच तिन्ही खोकी भंगारवाल्याला देऊन टाकली होती. नव्या मशीनवर हळदकुंकू, वर झेंडूचा हार, हवा जायची जाळी नेमकी हाराने झाकलेली. मी आधी हार काढला, मग रिक्षाने तुर्भ्याला भंगारवाल्याकडे गेले. तो मनमिळाऊ माणूस होता. त्याने मला जुन्या सर्व्हरच्या डिस्क फोडून काढलेली चुंबकं दाखवली, दोन मला ठेवायलाही दिली.

परत आले तर सचिवांच्या टेबलावर माझ्या पत्रकाची झेरॉक्स. ते शांत होते, हे वाईट होतं. ते म्हणाले, “मॅडम, मुद्दा पटला मला. सिद्ध व्हायला पाहिजे. ज्यांची जबाबदारी त्यांनी सिद्ध करावं.” बॅकअप उघडला नाही, तर काकूंच्या सेवापुस्तकात तसा शेरा मारावा लागेल. नाइलाज आहे. नियम आहे.

ज्यांनी नोकरी केलेली नाही त्यांच्यासाठी सांगते. सेवापुस्तक म्हणजे माणसाच्या नोकरीची कुंडली. त्यात रुजू झाल्याची तारीख, बढत्या, रजा, आणि शेरे. एकतीस वर्षं स्वच्छ असलेल्या त्या पुस्तकात जायच्या वेळी ‘कामात निष्काळजीपणा’ असं लाल शाईने येणार होतं. आणि ते मी माझ्या हाताने मागवलं होतं, ठळक अक्षरांत.

काकू त्यांच्या टेबलाशी बसून पत्रकाची दुसरी प्रत वाचत होत्या, एका बोटाने ओळ धरून. वाचून झाल्यावर त्यांनी चष्मा काढला.

“बाय, ह्यो कागद तू माज्यावर लिवलास?”

मी म्हटलं, नाही काकू, तुमच्यावर कसा लिहीन? तो व्यवस्थेवर आहे. सिस्टीमवर.

“अगो, मंग सिस्टीम हितं दुसरी कोन हाय? मीच ना?”

मी म्हटलं, चारही डिस्क काढून ठेवा काकू, उद्या सकाळीच बसू.

मंगळवारी सकाळी आम्ही बसलो. मी, काकू, आणि सचिव, जे दर वीस मिनिटांनी सहज येऊन जात. गेला शुक्रवार महिन्याचा दुसरा, म्हणून दोन नंबरची डिस्क लावली. गठ्ठा उलगडायला अडीच तास लागले. पडद्यावर एक हिरवी पट्टी सरकत होती, आणि माझ्या मालकांचा सानपाड्याहून फोन आला. कुणीतरी त्यांना पत्रकाचा फोटो पाठवला होता. आपण कॉम्प्युटर विकतो, प्रबोधन विकत नाही, एवढं ते अनेक प्रकारे म्हणाले. मी ऐकत पट्टीकडे बघत राहिले.

पट्टी पूर्ण झाली. मशीन सुरू केलं. निळा पडदा आला, पांढरी इंग्रजी अक्षरं आली, आणि मशीन आपोआप बंद होऊन परत सुरू झालं. परत निळा पडदा. सचिव दारात उभे होते. त्यांनी विचारलं, हे असंच असतं का?

खरं तर हे असंच असतं. माणूस रात्री झोपेत असताना त्याला उचलून दुसऱ्या घरात नेऊन ठेवा. सकाळी तो डोळे न उघडता सवयीने उजवीकडे वळणार आणि भिंतीवर आपटणार, कारण जुन्या घरात तिथे मोरी होती. ह्या मशीनला जुन्या जातीची डिस्क हवी होती, नव्या घरात ती नव्हती. मी हे सचिवांना समजावलं. त्यांनी ते समजून घेतलं असावं, कारण ते म्हणाले, मग तिथे मोरी बांधा. तेच केलं. सेटिंगमध्ये जाऊन जुन्या जातीची खोटी डिस्क दिली, परत सुरू केलं, आणि ह्या वेळी तो आपटला नाही. निळ्याऐवजी हिरवी टेकडी आणि आकाश आलं. कोपऱ्यात तारीख आजची, वेळ आत्ताची. दाखल्यांचा प्रोग्राम उघडला. नावांच्या रांगाच्या रांगा.

सचिवांनी टेबलावर हात मारला आणि माझंही ऊर भरून आलं. मी म्हणालेच, बघा, सिद्ध झालं. आजची तारीखसुद्धा दाखवतोय. मी मोबाइलमध्ये पुढच्या पत्रकाचं शीर्षक योजू लागले होते.

काकू खुर्ची ओढून पुढे आल्या. त्यांनी माउस मागितला, अकरावी वाणिज्यची यादी काढली, खाली खाली गेल्या आणि एका ओळीवर थांबल्या. त्या ओळीत विद्यार्थ्याच्या नावाच्या जागी लिहिलं होतं, ‘पडवळ’. वडिलांचं नाव नाही, आडनाव नाही, जन्मतारखेच्या रकान्यात शून्यं.

“ही शिली हाय,” काकू म्हणाल्या. “ही सरावनातली. त्याच्या फुडचं ह्यात काय पन नाय.”

हा प्रकार कळायला आम्हा दोघांना वेळ लागला. जुन्या सर्व्हरच्या आतली घड्याळाची बॅटरी कधीच मेली होती. वीज गेली की त्याची तारीख भलतीकडेच, वीस-पंचवीस वर्षं मागे. काकूंनी बॅटरीसाठी तीन वेळा अर्ज केला होता. अर्ज मंजूर होत आले की समितीची मुदत संपे. तेव्हापासून त्या दाखल्यावरची तारीख कोरी छापत आणि पेनाने भरत. मग बॅकअप कधीचा हे ओळखायचं कसं? मशीनच्या तारखेला अर्थ नाही. म्हणून त्यांनी एक विद्यार्थी तयार केला. अकरावी, वाणिज्य. दर शुक्रवारी बॅकअप घेण्याआधी त्या त्याचं नाव बदलत आणि त्या दिवशी डब्यात जो मासा असेल तो लिहीत. बांगडा, मांदेली, कोलंबी, बोंबील. श्रावणात घरात मासे शिजत नाहीत, तेव्हा भाजी. तेच त्यांच्या बॅकअपच्या वहीत तारखेसमोरही लिहीत. मी म्हटलं, दाखल्याचा शेवटचा नंबर बघितला असता तरी कळलं असतं. त्या म्हणाल्या, नंबर कोण पाठ ठेवतंय, जेवण पाठ राहतं.

मी वही पाहिली. गेल्या शुक्रवारसमोर ‘सुरमई’ होतं. पडवळ ऑगस्टमध्ये. म्हणजे दोन नंबरची डिस्क भरून गेली होती, आणि श्रावणापासून बॅकअपचा प्रोग्राम दर वेळी काही न लिहिता ‘यशस्वी’ म्हणून सांगत होता. आणि आजची तारीख? ती नव्या मशीनची होती. काल्पनिक घराला घड्याळ घरमालकाचं मिळतं. हे मला माहीत होतं. मी शिकलेली आहे ह्यातलं. तरी कोपऱ्यातली तारीख बघून मी पुरावा म्हणून नाचले होते.

“मासली ताजी का शिली ते कल्लं उचलून बगितल्याबिगर कसं कलल?” काकू मला म्हणाल्या. रागाने नव्हे. बाजारात नव्या सुनेला सांगावं तसं.

सचिवांच्या डोक्यात मात्र वेगळीच वीज पडली होती. ते पडद्याकडे बोट दाखवून हळू आवाजात म्हणाले, “बाई, हा विद्यार्थी किती वर्षं अकरावीत आहे?”

नऊ वर्षं, काकूंनी सांगितलं.

सचिव खाली बसले. शिक्षण क्षेत्रात बोगस विद्यार्थी हा शब्द लोक दारं लावून उच्चारतात. आमच्या समोर असा एक होता, नऊ वर्षं अकरावीत, दर आठवड्याला नाव बदलणारा. पट तपासायला पथक आलं तर काय सांगायचं? हा कोण? तर पडवळ. आणि त्याआधी? बोंबील. सचिव देशावरचे, शाकाहारी, त्यांना निदान बोंबील ओळखता आला. बाकीचे पटावर आहेत की कढईत, हे त्यांना ठरवता येईना. आता निष्काळजीपणाच्या जागी ‘अभिलेखात बनावट नोंद’ असा शेरा येणार हे त्यांच्या चेहऱ्यावरच दिसत होतं. सेवापुस्तक त्यांनी शिपायाकडून मागवलंसुद्धा.

मी आधी डिस्क बदलली. भांडायच्या आधी हातात काहीतरी पाहिजे, एवढं मला काकूंमुळे कळायला लागलं होतं. एक नंबरची डिस्क, त्याआधीच्या शुक्रवारची. परत अडीच तास. जेवायची वेळ टळून गेली, कुणी उठलं नाही. मशीन उठलं, मोरी सापडली, अकरावी वाणिज्य उघडली. नावाच्या जागी ‘जिताडा’.

काकूंनी वही न उघडताच मान डोलावली. जिताडा त्यांच्या नणंदेने मोरा बंदरावरून पाठवला होता, एवढा मोठा की डोक्याचं कालवण शनिवारीही झालं. म्हणजे ही डिस्क ताजी. मधल्या एका आठवड्याचे अकरा दाखले तेवढे गेले होते, त्यांच्या ऑफिसकडे ठेवायच्या स्थळप्रती फाइलमध्ये होत्या, काकूंनी ते समोर बसून दीड तासात परत भरले. एकही नोंद गेली नाही.

तरी सचिवांनी पेनाचं टोपण काढलं. नोंद मिळाली ते बरं झालं, ते म्हणाले, पण बनावट विद्यार्थी तर आहे. मी कुठेतरी नोंद करून ठेवली नाही तर उद्या मी सापडेन.

तेव्हा मी बोलले, आणि नेहमीपेक्षा कमी बोलले. म्हटलं, सर, जरूर लिहा. पण पूर्ण लिहा. जुना सर्व्हर बॅकअप तपासण्याआधी भंगारात गेला, कोणत्या तारखेला, कोणाच्या आदेशाने, आणि बॅटरीचे तीन अर्ज कुठे आहेत, तेही त्याच शेऱ्यात येऊ दे. पाहिजे तर मी मजकूर तयार करून देते. मला सवय आहे.

पेन हवेत राहिलं. 

काकूंनी आम्हा दोघांकडे बघितलं, भांडणाऱ्या जावांकडे बघावं तसं, आणि म्हणाल्या, “सर, एवढं कशाला? पोराला दाखला देऊन टाका. सोडून गेला, सपला.”

प्रोग्राममधून विद्यार्थी काढायचा तोच एक मार्ग होता. खोडता येत नाही, खोडलं की पटाचे क्रमांक विस्कटतात. दाखला दिला की तो रीतसर जातो. काकूंनी फॉर्म उघडला. वर्तणूक? चांगली, काकूंनी विचारण्याआधीच भरलं. प्रगती? इथे त्या क्षणभर थांबल्या आणि ‘बरी’ लिहिलं, नऊ वर्षं एकाच वर्गात काढलेल्याला ह्याहून जास्त देता येत नाही म्हणाल्या. सोडण्याचं कारण म्हणून प्रोग्राममध्ये तीनच पर्याय होते. उत्तीर्ण, पालकांची बदली, विवाह. सचिवांनी बराच विचार केला. उत्तीर्ण खोटं ठरलं असतं. शेवटी त्यांनीच सांगितलं, पालकांची बदली करा. छापून आला तो दाखला त्यांनी पूर्ण वाचला, सही केली, आणि संस्थेचा शिक्का आपल्या हाताने मारला. सही झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं असावं, की आता हा विद्यार्थी बनावट होता असं लिहिणं म्हणजे आपल्याच सहीवर लिहिणं आहे. त्यांनी पेनाला टोपण लावलं. सेवापुस्तक कपाटात गेलं.

मी ते पत्रक बोर्डावरून काढलं. वडिलांना सगळं सांगितलं. ते पोट धरून हसले, मग म्हणाले, माफी मागितलीस का? मी म्हटलं, काढलं ना पत्रक. ते म्हणाले, काढणं वेगळं. दुसऱ्या दिवशी मी काकूंची माफी मागितली. त्या म्हणाल्या, कागद चांगला लिवलावतास, फक्त माणूस चुकला.

जानेवारीअखेर निरोप समारंभाआधी काकूंनी मला बोलावून घेतलं. सचिवांच्या टेबलावर सेवापुस्तक उघडं होतं, शेवटची नोंद करून बंद करायला. शेऱ्यांचं पान कोरं होतं. एकतीस वर्षांचं कोरं पान, वरच्या कोपऱ्यात झुरळाने थोडं खाल्लेलं. सचिव म्हणाले, अभिनंदन बाई, डाग नाही एकही.

काकूंनी पान इकडून तिकडून बघितलं. म्हणाल्या, डाग नाय ते बरं, पण कामही नाय दिसत ह्यात. काय तरी लिवा.

सचिवांनी पेनाचं टोपण काढलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. माझ्याकडे तयारच होतं. मी तीन वाक्यं सांगितली, त्यांत ‘उपेक्षित’ दोनदा आणि ‘ऐतिहासिक’ एकदा होतं. काकूंनी हात वर करून थांबवलं.

“ह्यात गर्जना जास्त हाय, बाय. मीच सांगते.” आणि त्यांनी सचिवांना सांगितलं, सावकाश, कार्यालयीन मराठीत, एकही शब्द घरचा न येऊ देता. “दर शुक्रवारी बॅकअप घेतला. तो ताजा आहे का, हे ओळखण्याची व्यवस्था स्वतः केली.”

सचिवांनी लिहिलं. ‘ताजा’ हा शब्द सेवापुस्तकात शोभतो का असं त्यांनी विचारलं, आणि शोभतो असं ठरलं. सही झाली. काकूंनी पुस्तक आपल्याकडे ओढलं, बोट धरून दोन्ही ओळी वाचल्या, आणि शाई वाळेपर्यंत पंख्याखाली ते पान उघडं धरून उभ्या राहिल्या. बाहेर हॉलमध्ये माइकवरून त्यांचं नाव पुकारलं जात होतं. त्यांनी मला खूण केली, सांग त्यांना, थांबा म्हणावं, अजून ओलं हाय.